कोलंबस, इंडियाना: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी विमानाचं तिकीट नीट बघा. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं बरीच आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे ओहायोची राजधानी, आणि तिथल्या विमानतळाचा कोड सीएमएच. तुम्हाला जायचंय ते कोलंबस इंडियाना राज्यात आहे: बार्थोलोम्यू काउंटीचं मुख्य ठिकाण, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५०,४७४. इथे एक छोटा विमानतळ आहे, जुन्या हवाई दलाच्या तळावरचा, पण तिथे नियमित प्रवासी विमानं येत नाहीत. उतरायचं इंडियानापोलिसला, कोड आयएनडी. तिथून आय-६५ महामार्गाने दक्षिणेला तासाभरात कोलंबस येतं, बाहेर पडायचं एक्झिट ६८ ला. चुकून ओहायोत उतरलात तर पुढे तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे.

पत्ता लिहिताना राज्याचा कोड ‘आयएन’ आणि पिनकोड ४७२०१ किंवा ४७२०३. भारताचा देश-कोडही ‘आयएन’च आहे, तेव्हा ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना राज्याचा आहे की देशाचा हे बघूनच भरा. घड्याळ न्यूयॉर्कचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत भारताशी साडेनऊ तासांचा फरक, एरवी साडेदहा. इथले सकाळचे आठ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. कमिन्स या इथल्या इंजिन कंपनीत असाल आणि पुण्याच्या टीमबरोबर रोजची मीटिंग असेल तर हा एक तास वर्षातून दोनदा सगळ्यांना चकवतो.

आधी नद्या समजून घ्या

हे गाव रस्त्यांवरून शिकायला गेलात तर महिना जातो, नद्यांवरून शिकलात तर एक संध्याकाळ पुरते. उत्तरेकडून ड्रिफ्टवुड नदी येते, ईशान्येकडून फ्लॅटरॉक. दोघींचा संगम डाउनटाउनच्या पश्चिमेला, मिल रेस पार्कपाशी होतो आणि तिथून पुढे तिला ‘ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हर’ म्हणतात. म्हणजे जुनं गाव नदीच्या पूर्वेला, आणि महामार्ग नदीच्या पश्चिमेला. महामार्गावरून गावात यायचं तर नदी आणि तिचं सखल पूरक्षेत्र ओलांडावंच लागतं. तिसरा प्रवाह हॉ क्रीक. तो साधा ओढा आहे, गावाच्या पूर्व भागातून उत्तर-दक्षिण वाहतो आणि एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

महामार्गावरून येणारा रस्ता म्हणजे स्टेट रोड ४६. गावात शिरताना तो केबलच्या पुलावरून सेकंड स्ट्रीटवर येतो, बाहेर जाताना थर्ड स्ट्रीटवरून जातो. दोन्ही एकेरी आहेत. नवखा माणूस परत जाताना हमखास सेकंड स्ट्रीटवर उलटा वळायला बघतो, तेवढं सांभाळा. डाउनटाउनमध्ये आकड्यांचे रस्ते पूर्व-पश्चिम, आकडा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातो. नावांचे रस्ते (वॉशिंग्टन, फ्रँकलिन, लाफायेट, जॅक्सन) उत्तर-दक्षिण. वॉशिंग्टन स्ट्रीट हा मुख्य बाजाररस्ता. ट्वेंटी-फिफ्थ स्ट्रीट आणि यूएस ३१, ज्याला गावात नॅशनल रोड म्हणतात, या दोन रस्त्यांवर आणि आसपास रोजची बहुतेक दुकानं सापडतात. गावाबाहेर ‘काउंटी रोड ४०० नॉर्थ’ अशा पाट्या दिसतील. त्यात शंभराचा एक मैल धरायचा. ४०० नॉर्थ म्हणजे काउंटीच्या आधाररेषेच्या चार मैल उत्तरेला. हे एकदा कळलं की फोनची रेंज गेली तरी माणूस हरवत नाही.

लुइव्हिल अँड इंडियाना रेल्वेचे रूळ डाउनटाउनच्या पश्चिम कडेने जातात आणि लांबलचक मालगाड्या गावाला अडवून धरतात. ४६ आणि ११ हे रस्ते जिथे मिळतात तिथे आता उड्डाणपूल झालाय, त्यामुळे महामार्गाची वाट सुटली. मिल रेस पार्ककडे जाताना मात्र फाटक अजून लागतंच. फाटकापाशी इंजिन कायद्याने भोंगा वाजवतं, रात्री दोनलाही. रुळांजवळचं घर स्वस्त दिसलं तर कारण हे असू शकतं.

घर शोधताना

पहिला प्रश्न: काम नेमकं कुठे? ‘कमिन्समध्ये’ हे उत्तर पुरत नाही. मुख्य कार्यालय डाउनटाउनमध्ये जॅक्सन स्ट्रीटवर आहे, टेक्निकल सेंटर तिथून थोडं पूर्वेला, तर मिडरेंज इंजिनचा कारखाना दक्षिणेला वेल्सबोरोत, एक्झिट ६४ जवळ. ऑफर लेटरमध्ये इमारतीचं नाव नसेल तर मॅनेजरला विचारून घ्या.

मुख्य कार्यालय किंवा टेक सेंटर असेल आणि घरात एकच गाडी असणार असेल तर डाउनटाउन किंवा त्याच्या लगत उत्तरेला बघा, पायी किंवा सायकलने जाता येतं. ‘पीपल ट्रेल’ नावाचे पायी-सायकल मार्ग गावभर जोडलेले आहेत. दोन गाड्या आणि शाळकरी मुलं असतील तर बरीच भारतीय कुटुंबं महामार्गाच्या पश्चिमेला टिप्टन लेक्सकडे वळतात: तळी, झाडी, नियोजित वसाहत. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक कामाला नदी ओलांडणं. शहराची बस आहे, पण ती रविवारी नसते आणि शिफ्टच्या वेळा सांभाळत नाही. तिच्या भरवशावर नोकरी करता येणार नाही.

आता हॉ क्रीक. ७ जून २००८ रोजी प्रचंड पावसाने हा ओढा अक्षरशः काही तासांत चढला. त्याच्या काठावरच्या कोलंबस रीजनल हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं, वीज गेली आणि १५७ रुग्ण हलवावे लागले. हॉस्पिटल पुन्हा पूर्ण उभं राहायला महिने लागले. कमिन्सच्या टेक सेंटरमध्येही पाणी घुसलं होतं. पुणेकरांना २०१९ चा आंबिल ओढा आठवला तर वेगळं काही सांगायला नको: मोठ्या नदीचा पूर वर्दी देऊन येतो, ओढ्याचा नाही.

म्हणून करार करण्याआधी हे करा. ‘फेमा’च्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या, सरकारी पूरनकाशावर घराचा पूर्ण पत्ता टाका. झोन ‘ए’ किंवा ‘एई’ आला तर ते पूरक्षेत्र. ‘एक्स’ आला तरी नकाशावर रंगवलेली पट्टी घरापासून किती लांब आहे ते बघा. मग घरमालकाला सरळ विचारा, ‘२००८ मध्ये इथे पाणी आलं होतं का?’ जुन्या माणसांना पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं तेही आठवतं, आणि विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. तळमजला किंवा बेसमेंट असेल तर भिंतीच्या खालच्या फूटभर भागात नवा रंग, फुगलेलं लाकूड, कुबट वास बघा. भाडेकरूचा नेहमीचा विमा, रेंटर्स इन्शुरन्स, पुराचं नुकसान भरून देत नाही. त्यासाठी वेगळी पूर-पॉलिसी लागते आणि सरकारी योजनेची पॉलिसी साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. आभाळ भरून आल्यावर ती घेऊन उपयोग नाही.

क्रेडिट हिस्टरी नसल्याने घरमालक जास्त अनामत मागतात. त्याऐवजी ऑफर लेटर आणि पगाराचा तपशील आधी पाठवून बघा, कंपनीचं नाव इथे ओळखीचं असल्याने पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. घराचा ताबा घेताना प्रत्येक खोलीचा, ओव्हनच्या आतला आणि कार्पेटच्या डागांचा फोटो तारखेसह काढा. इंडियानाच्या कायद्याप्रमाणे घर सोडल्यावर ४५ दिवसांत अनामत किंवा कपातीचा तपशीलवार हिशेब मिळायला हवा. पण त्यासाठी तुमचा नवा पत्ता तुम्ही घरमालकाला लेखी दिलेला असला पाहिजे. तोंडी सांगितलेला पत्ता चालत नाही, आणि नेमकं इथेच लोकांचे पैसे अडकतात.

गावातली वीज ड्यूक एनर्जीची, पाणी नगरपालिकेच्या कोलंबस सिटी युटिलिटीजचं. दोन्ही कनेक्शन ताबा घेण्याच्या तारखेपासून तुमच्या नावावर करून घ्या. त्याच बिलांचा पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

लायसन्स

इथे गाडीशिवाय राहणं म्हणजे दुसऱ्याच्या सोयीने जगणं. इंडियानात राहायला आल्यावर ६० दिवसांत इथलं लायसन्स काढावं लागतं. क्रम असा ठेवा.

आधी सोशल सिक्युरिटी नंबर. देशात आल्या आल्या अर्ज केला तर तुमच्या प्रवेशाची नोंद त्यांच्या यंत्रणेत सापडत नाही आणि अर्ज रखडतो. आठ-दहा दिवस थांबलेलं बरं. मग बीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची आणि राहण्याच्या मुदतीची सरकारी नोंद), सोशल सिक्युरिटीचा पुरावा आणि पत्त्याचे दोन वेगवेगळे पुरावे न्या. बँकेचं स्टेटमेंट किंवा बिल ६० दिवसांच्या आतलं हवं. भारतीय लायसन्स मूळ कार्ड स्वरूपात न्या, डिजीलॉकरचा स्क्रीनशॉट नको. भारतात कधीच लायसन्स काढलेलं नसेल तर आधी लर्नर्स परमिट मिळतं आणि ड्रायव्हिंग टेस्टआधी ते १८० दिवस हातात असावं लागतं. म्हणून जोडीदाराने निघण्यापूर्वी पुण्यातच लायसन्स काढलं तर सहा महिने वाचतात.

लेखी परीक्षेत ५० प्रश्न: ३४ नियमांचे, १६ चिन्हांचे. ३४ पैकी २८ आणि १६ पैकी १४ बरोबर यावे लागतात. दोन्हींचा निकाल वेगळा लागतो, त्यामुळे नियम पाठ आणि चिन्हं कच्ची असतील तर नापास. ड्रायव्हिंग टेस्टला गाडी तुमची तुम्ही न्यायची, रजिस्ट्रेशन आणि विम्यासकट. मित्राची चालते.

भारतातला चांगला ड्रायव्हर कुठे अडकतो ते सांगतो. स्टॉपच्या पाटीपाशी वेग कमी करून पुढे सरकणं म्हणजे थांबणं नव्हे, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो, एकदम आले तर उजवीकडचा आधी. लाल दिव्याला उजवीकडे वळता येतं, पण पूर्ण थांबून आणि तिथे मनाईची पाटी नसेल तरच. स्कूलबसने लाल दिवे लावून हात बाहेर काढला की मागचे आणि समोरचे दोघेही थांबतात. मध्ये दुभाजक असेल तर फक्त समोरच्यांना सूट. गाडी चालवताना फोन हातात धरायला २०२० पासून कायद्याने मनाई आहे. आठ वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं, विमानतळावरून घरी येतानाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक गेलं की मागून दुसरं येतंच, लगेच वेग वाढवू नका.

लायसन्सची मुदत आय-९४ च्या तारखेला संपते. व्हिसा वाढला तरी लायसन्स आपोआप वाढत नाही. आणि नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणे ठेवा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. एका कागदावर ते आहे, दुसऱ्यावर नाही, असं झालं की बीएमव्हीचा संगणक तुम्हाला दोन माणसं समजतो.

शाळा आणि लसींची भानगड

सार्वजनिक शाळा बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशनच्या, सगळे बीसीएससी म्हणतात. प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घराआधी शाळेची हद्द बघा. प्रवेशाला जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागते. अडतं ते या तिसऱ्या कागदापाशी.

किंडरगार्टनला डीटीएपीचे (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) ५, पोलिओचे ४, हिपॅटायटिस बी चे ३, आणि एमएमआर, कांजिण्या, हिपॅटायटिस ए चे प्रत्येकी २ डोस बघतात (डीटीएपी आणि पोलिओला वयानुसार थोडी सूट आहे). भारतीय कार्डात घोटाळा दोन-तीन ठिकाणी होतो. एक, नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे मोजत नाहीत, पहिला वाढदिवस झाल्यानंतरचीच धरतात. दोन, सरकारी दवाखान्यातली एमआर म्हणजे गोवर-रुबेला, त्यात गालगुंड नाही. शाळेला एमएमआर हवी. तीन, एप्रिल २०१६ नंतर तोंडाने दिलेले पोलिओचे थेंब इथे धरत नाहीत, इंजेक्शनवाली आयपीव्हीच धरतात. पल्स पोलिओचे दहा शिक्के असले तरी. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून राहिलेले डोस घ्या आणि प्रत्येक लसीचं नाव व पूर्ण तारीख टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र घ्या. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ०५/०८ म्हणजे इथे आठ मे.

माणसं

या काउंटीत सगळ्यात जास्त लोकांना नोकरी देणारी कंपनी कमिन्स. १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स या मेकॅनिकने बँकर विल्यम अर्विन यांच्या पैशावर ती सुरू केली. पुण्याशी नातं १९६२ पासूनचं, कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्सपासून. त्यामुळे इथल्या दुकानाच्या रांगेत मराठी कानावर पडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि मराठी कुणाला कळत नाही असं समजून पुढच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलूही नका. जपानी कंपन्यांचे कारखानेही बरेच आहेत, त्यामुळे जपानी कुटुंबं आहेत. लॅटिन अमेरिकेतून आलेली वस्ती मोठी आहे. दर ऑक्टोबरमध्ये सिटी हॉलपाशी ‘एथनिक एक्स्पो’ भरतो, त्यात भारतीय खाण्याच्या स्टॉलला मोठी रांग असते. ओळखी व्हायला ऑफिसपेक्षा तिथे स्वयंसेवक म्हणून उभं राहणं जास्त कामाचं.

मूळ रहिवासी स्वतःला ‘हूझियर’ म्हणवतात. बोलायला मोकळे, पण घरी बोलवायला वेळ घेतात. अनोळखी माणूस रस्त्यात हात करतो, तुम्हीही करा. ‘कुठल्या चर्चला जाता?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत येऊ शकतो. त्यात खोच नसते, आपण ‘मूळ गाव कुठलं?’ विचारतो तसं. ‘आम्ही हिंदू आहोत, देऊळ इंडियानापोलिसला आहे’ एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न जेवणाबद्दल येतो. दुसरी चौकशी शाळेची: कोलंबस नॉर्थ की कोलंबस ईस्ट? हायस्कूलच्या बास्केटबॉलचं वेड पिकल्या केसांच्या माणसांनाही असतं. तिसरी, इंडियाना युनिव्हर्सिटी की पर्ड्यू? ही राज्यातली प्रतिस्पर्धी विद्यापीठं, यात तटस्थ राहिलेलं बरं.

ऑफिसात किंवा शेजारात ‘पिच-इन’ म्हणाले की प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा. भात किंवा छोले न्या, तिखट निम्मं करा, आणि शेंगदाणे किंवा काजू घातले असतील तर भांड्यावर चिठ्ठी लावा. शाकाहारी असाल तर ‘यात मांस आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. शिजवलेल्या फरसबीत बेकनचे तुकडे असतात, भाजीच्या सूपमध्ये चिकनचं पाणी, पायच्या पारीत डुकराची चरबी असू शकते. पदार्थाचं नाव घेऊन विचारा, लोक प्रामाणिकपणे सांगतात.

आणखी एक गोष्ट इथल्या माणसांना कळायला मदत करते: इमारती. कमिन्सचे जे. अर्विन मिलर यांच्या पुढाकाराने कंपनीच्या फाउंडेशनने १९५० च्या दशकात गावाला सांगितलं, सार्वजनिक इमारत बांधा, आम्ही सुचवलेल्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याची फी आम्ही देऊ. म्हणून पन्नास हजारांच्या गावात वाचनालय आय. एम. पेई यांचं, अग्निशमन केंद्र रॉबर्ट व्हेंचुरी यांचं, आणि त्याआधीचं, १९४२ चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च एलिएल सारिनेन यांचं. गावातल्या सामान्य माणसालाही ही नावं माहीत असतात. वाचनालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, पत्त्याचा पुरावा न्या. मुलांचे कार्यक्रम तिथे फुकट असतात.

थंडी, सायरन वगैरे

जानेवारीत पारा शून्याखाली असतोच. हिवाळ्यात बाहेरगावी जाताना हीटर बंद करू नका, ५५ फॅरनहाइटवर ठेवा, नाहीतर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. बागेचा होज नोव्हेंबरआधी नळावरून काढून ठेवा. वसंतात टोर्नेडोचे, म्हणजे सोंडेसारख्या विध्वंसक वावटळीचे सायरन. ‘वॉच’ म्हणजे शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे आत्ता. वॉर्निंगला बेसमेंटमध्ये, ते नसेल तर तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये. वायव्येकडून अधूनमधून तोफेसारखा धडाका ऐकू आला तर तो कँप अॅटरबरीतल्या लष्करी सरावाचा, सायरनशी त्याचा संबंध नाही.

डाळ-पीठ-मसाल्याची मोठी खरेदी इंडियानापोलिसला देवळाच्या फेरीबरोबर करतात. ‘हिंदू टेंपल ऑफ सेंट्रल इंडियाना’ शहराच्या पूर्व भागात आहे. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला पश्चिमेला ब्राउन काउंटीत जायचं असेल तर ४६ वर शनिवारी दुपारी गाड्यांची रांग मैलोन्‌मैल लागते. सकाळी नऊच्या आत पोचा किंवा आठवड्यातला मधला दिवस धरा.

आईवडील भारतातून येणार असतील तर मे ते ऑक्टोबरमधली तिकिटं काढा. त्यांचा प्रवासी आरोग्य विमा निघण्याआधी घ्या, आणि आधीपासूनच्या आजारांना तो किती पुरतो ते पॉलिसीत वाचून घ्या. मिलर हाउस, म्हणजे वर आलेल्या जे. अर्विन मिलर यांचं घर, दाखवायचं असेल तर तिथे थेट जाता येत नाही. फिफ्थ स्ट्रीटवरच्या व्हिजिटर्स सेंटरमधून बसने नेतात, जागा मोजक्या असतात, त्यामुळे बुकिंग आधीच करून ठेवा.